रिपोर्टवर ‘थ्री प्लस’ आलं म्हणजे?

येरवड्यात गाडीतळ असो की लक्ष्मीनगर, स्तनाच्या कॅन्सरचा विषय निघाला की “रिपोर्ट वाईट आलाय, आता काही खरं नाही” हे ऐकायला मिळतंच. हा ‘वाईट रिपोर्ट’ बहुतेकदा गाठीतल्या हर-टूचा असतो.

गैरसमज : हर-टू थ्री प्लस म्हणजे दिवस भरले.

हर-टू हे पेशीच्या आवरणावरचं प्रथिन. त्याचा आतला भाग टायरोसिन कायनेज नावाच्या एन्झाइमचं काम करतो, पेशीला वाढायला लावतो. शंभरातल्या साधारण १५ ते २० गाठींत ते प्रमाणाबाहेर असतं; रिपोर्टवर ते ‘थ्री प्लस’ म्हणून दिसतं. अशा गाठी लवकर उलटतात, हे अमेरिकेतल्या डेनिस स्लेमन यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवलं. धास्ती तिथूनच आली, आणि तेव्हा ती खरीही होती. पण याच प्रथिनाला पकडणारं ट्रास्टुझुमॅब १९९८ मध्ये आलं. २००५ मध्ये जाहीर झालेल्या चाचण्यांत, सुरुवातीच्या टप्प्यावर केमोबरोबर ते दिल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्याच धर्तीचं बायोकॉनचं भारतीय औषध २०१४ पासून मिळतं. म्हणजे थ्री प्लसवाल्या बाईसाठी नेमकं औषध आहे. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

टू प्लस आलं तर निकाल अर्धवट असतो. फिश नावाची पुढची तपासणी झाल्याशिवाय काहीच ठरवू नये.

गैरसमज : रक्त तपासलं की कळतं.

नाही. उदाहरणार्थ, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम यकृताच्या दुखण्यात, हाड सांधताना, गरोदरपणातही वाढतं. गाठीचा स्वभाव गाठीच्या तुकड्यातच कळतो.

गैरसमज : एन्झाइम जास्त तेवढा धोका जास्त, इतकं सरळ.

युरोकायनेज हे एन्झाइम गाठीला आजूबाजूला पसरायला वाट करून देतं. त्याला अडवणारं पीएआय-वन हे प्रथिन वाढलं तरीही धोका वाढलेलाच दिसतो! या दोघांची तपासणी उपयोगी आहे. पण तिला ताजा, गोठवलेला तुकडा लागतो. म्हणून ती रोजच्या रिपोर्टात दिसत नाही. शिवाय काखेतल्या गाठी, गाठीचा आकार आणि ग्रेड पाहिल्याशिवाय कुठल्याही एका आकड्यावर डॉक्टर भाकीत करत नाहीत.

बायोप्सीचा तुकडा लगेच, तासाभराच्या आत, फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा; उशीर झाला तर हर-टूचा निकाल चुकू शकतो. पुढे तो मेणात बसवतात. बोटाच्या पेरात मावेल एवढा तो ‘ब्लॉक’ दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झाल्यास रिपोर्टाबरोबर मागून घ्या. आजार उलटला तर मात्र नव्या गाठीचा तुकडा पुन्हा तपासावा लागतो, कारण हर-टू बदललेलं असू शकतं.