हळदीच्या कागदावर भेंडीची फुले

मुलगा-सून शेतावर गेली, की नातवंडे आजी-आजोबांच्या गळ्यात. आजीबाई, पोर रडते म्हणून त्याच्या हाती मोबाइल देण्याआधी हे करून पाहा.

वहीच्या कोऱ्या कागदाला पाण्यात कालवलेली चमचाभर हळद फासा व सावलीत वाळवा. जून झालेली भेंडी देठाजवळ आडवी कापा. विळी तुमच्याच हाती असू द्या. तो काप अंगाच्या साबणाच्या दाट पाण्यात बुडवून नातवाला ठसे उठवू द्या. पिवळ्यावर बहुधा ५ पाकळ्यांचे तांबूस फूल उमटते! वर लिंबाचा थेंब पडला, की फूल पुन्हा पिवळे. हळद खाराने तांबडी होते, आंबटाने पिवळी. हळदीचे कुंकू घरी केले असेल, तर तुम्ही हे पाहिलेच आहे.

मात्र पानाच्या डब्यातला चुना या खेळात नको. रंग झकास येतो खरा, पण पोराचा हात डोळ्याला लागायला कितीसा वेळ? चुन्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. चुकून गेलाच, तर लगेच स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धूत राहा व तडक दवाखाना गाठा.

आजोबांच्या धोतरावर हळद सांडली, तर साबण लावताच डाग लाल होईल. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात टाका, फिका पडतो.