नारायणगाव, दिंडोरी, अकलूज... आणि धाराशिव?

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात द्राक्ष बागायतदाराला विचारा, माल कुठं जातो? एक तर खायच्या द्राक्षाच्या बाजारात, नाहीतर बेदाण्याला. वाइनचं नाव निघत नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मात्र ते निघून बरीच वर्षं झाली.

सुरुवात नारायणगावची. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथं इंडेज ही वाइनरी उभी केली. फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेतलं आणि जुन्नरच्या मातीतली स्पार्कलिंग वाइन ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशात विकली. हे धाडस मला आजही मोठं वाटतं, कारण शॅम्पेनची ही पद्धतच किचकट आहे. तयार वाइन बाटलीत भरून त्यात साखर आणि यीस्ट घालायचं, टोपण लावायचं. मग त्याच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण होतं आणि दाब सहा वातावरणांच्या आसपास चढतो. पुढं महिनोन् महिने यीस्टच्या गाळावर मुरवत ठेवायचं. बाटली हळूहळू उलटी करत गाळ मानेशी आणायचा, मान गोठवायची आणि टोपण उघडून तो बाहेर उडवायचा. इटलीच्या डोंगराळ त्रेंतो भागात जुलिओ फेरारी यांनी 1902मध्ये हेच सुरू केलं. तिथल्या नियमानुसार वाइन किमान 15 महिने गाळावर राहते, रिझर्व्हा असेल तर 36.

त्रेंतोला आल्प्सची थंड रात्र मिळते, म्हणून द्राक्षातला आंबटपणा टिकतो. आपल्याकडे तो छाटणीच्या वेळापत्रकातून मिळवावा लागतो. एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, म्हणजे मणी थंडीत भरतात. आणि साखर पुरती चढण्याआधीच तोडणी. खायच्या द्राक्षाला आपण जीए (जिबरेलिक आम्ल) देऊन मणी फुगवतो, वाइनला मात्र लहान मणीच हवा.

2001च्या राज्याच्या वाइनविषयक धोरणानंतर वाइनरी वाढल्या. पण 2008च्या मंदीनंतर इंडेज कर्जाखाली कोलमडली आणि नाशिकच्या कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटल्या. त्यातून सावरत नाशिकची सुला टिकली, 2013मध्ये दिंडोरीत वाइनरी असलेल्या फ्रेंच शांदोंची स्पार्कलिंग आली. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला तिथले मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ उभारली. तिचीही स्पार्कलिंग आहे.

तुळजापूरकडच्या बालाघाट डोंगराच्या माथ्यावरही हिवाळी रात्री गार असतात. पाणी मात्र बेभरवशाचं. 2015-16चा दुष्काळ कुणी विसरलेलं नाही. तरीही एखाद्या एकरावर शेनिन ब्लांक ही वाइनची जात लावून पाहायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त वाइनरीचा दराचा लेखी करार हातात येईपर्यंत एकही रोप लावू नका. वाइनची जात बाजारात खायला कुणी घेत नाही.