ट्रॉम्बेचे वर्ग, गांधीनगरचे यंत्र

ऑगस्ट 1955मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते होमी भाभा. संमीलनाची ऊर्जा ताब्यात ठेवून मिळवण्याची युक्ती येत्या वीस वर्षांत सापडेल, असे भाकीत त्यांनी तिथे केले. हलकी अणुकेंद्रके एकमेकांत मिसळून सूर्य जे करतो, तेच यंत्रात करायचे. सत्तर वर्षे उलटली, पण संमीलनाच्या विजेवर अजून कुठे दिवा लागलेला नाही. मात्र भाभांनी 1957 साली ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात सुरू केलेले ट्रेनिंग स्कूल आजही चालू आहे, आणि मुंबईच्या उपनगरांतल्या मुलांच्या दृष्टीने मला तेच अधिक मोलाचे वाटते.

निवड झाली की वर्षभर विद्यावेतन घेत शिकायचे आणि उत्तीर्ण झाले की शास्त्रीय अधिकारी म्हणून रुजू व्हायचे, अशी ही सोय. घाटकोपर-मुलुंडच्या ज्या घरांत एम.एस्सी. झालेल्या मुलाला परदेशी पाठवण्याची ऐपत नव्हती, तिथे संशोधनाचे दार उघडले ते या स्कूलने. मुलाखतीचा दरारा पहिल्यापासून आहे. सूत्र सांगून भागत नाही, ते फळ्यावर मांडून दाखवावे लागते. रुपारेल आणि व्हीजेटीआयमध्ये शिकलेले अनिल काकोडकर याच वाटेने ट्रॉम्बेत आले. डिसेंबर 2005मध्ये भारत फ्रान्समधल्या ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय संमीलन प्रकल्पात सामील झाला, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेच होते.

शाळा इथे असली तरी यंत्र मात्र इथे आले नाही. 1982 साली अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत प्लाझ्मा भौतिकीचा, म्हणजे संमीलन ज्यात घडते त्या तप्त आयनित वायूच्या अभ्यासाचा, कार्यक्रम सुरू झाला. प्रेधिमान कृष्ण काव यांच्या नेतृत्वाखाली 1986मध्ये त्याचीच गांधीनगरला स्वतंत्र प्लाझ्मा संशोधन संस्था झाली आणि 1989 साली तिथे ‘आदित्य’ हा देशी बनावटीचा टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा चुंबकी क्षेत्रात कोंडून ठेवणारे यंत्र, चालू झाला. त्याच वर्षी ट्रॉम्बेत वेगळीच धांदल होती. अमेरिकेतून ‘शीत संमीलना’ची, म्हणजे साध्या तापमानालाच संमीलन घडल्याच्या दाव्याची, बातमी आली आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातले अनेक गट इलेक्ट्रोडची भांडी मांडून बसले. पी. के. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला अहवाल वर्षअखेरीस निघाला. जगाने तो दावा मान्य केला नाही आणि काही वर्षांत इथलेही काम थंडावले. तरुण संशोधकांची उमेदीची वर्षे अशा कामात जातात, याची खंत वाटते. पण त्यांनी प्रयोग करून पाहिले याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही.

तेव्हापासून ज्याला संमीलनात काम करायचे त्याने बोरिवलीला गुजरात मेल पकडायची, हे ठरूनच गेले. 1995 साली ती प्लाझ्मा संस्था अणुऊर्जा विभागाकडे आली आणि ट्रॉम्बे-गांधीनगर ये-जा सोपी झाली. पुढे संस्थेचे संचालक झालेले शशांक चतुर्वेदी भाभा केंद्रातूनच तिकडे गेले होते. आज तिथल्या पीएच.डी.ची पदवी मिळते ती अणुशक्तीनगरच्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची.

‘संमीलन’ म्हटले की आईवडिलांच्या डोळ्यांसमोर फळ्याभर समीकरणे येतात. प्रत्यक्षात या क्षेत्रातले बरेचसे काम वेल्डिंगचे, निर्वाताचे, अतिशीत तंत्राचे आणि वीजपुरवठ्याचे आहे. गळती शोधण्याचे काम पाहा. पात्रातली हवा पंपांनी उपसून काढायची, बाहेरून एकेका सांध्यावर बारीक नळीने हेलियम सोडायचा आणि नजर डिटेक्टरवर ठेवायची. वेल्डमध्ये डोळ्यांना न दिसणारे छिद्र असले तरी हेलियम आत शिरतो आणि आकडा उसळतो. मग तो सांधा खरवडायचा, पुन्हा वेल्ड करायचा, पुन्हा तपासायचा. अशा शेकडो सांध्यांवर ज्याचा हात बसलेला असतो, त्याच्यावाचून एकाही शास्त्रज्ञाचा प्रयोग उभा राहत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण पवईशी नाते सांगते. अणुभट्ट्यांची अवजड उपकरणे घडवण्याचा अनुभव पवईच्या कारखान्यात गाठीशी बांधलेल्या लार्सन अँड टुब्रोने ईटरचा क्रायोस्टॅट बनवला. सुमारे 30 मीटर व्यासाचे आणि तेवढ्याच उंचीचे, 3,850 टन वजनाचे हे पोलादी निर्वातपात्र. त्याचे 54 भाग हजिऱ्याला तयार झाले, जहाजाने फ्रान्सला गेले आणि तिथल्या कार्यशाळेत जोडले गेले. मे 2020मध्ये त्याचा 1,250 टनांचा तळ ईटरच्या खड्ड्यात उतरला. इतके असूनही करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांत आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना कोणी हे सांगत नाही. भाभा केंद्र त्यांच्यासाठीही विद्यावेतनासह प्रशिक्षण देते, हे तर त्याहून कमी जणांना माहीत असते.

ईटरचे वेळापत्रक पुन्हा पुन्हा लांबले. 2024 साली जाहीर झालेल्या आराखड्यानुसार संशोधनाचा आरंभ 2034मध्ये आणि ड्युटेरियम-ट्रिटियम या खऱ्या संमीलन-इंधनाचे प्रयोग 2039मध्ये. म्हणजे 2005 साली अंधेरीत जन्मलेली मुलगी तेव्हा चौतिशीत असेल. ही नोकरी आहे की जुगार, असे पालक विचारतात. माझे उत्तर असे की, हात आणि डोके शिकलेले असेल तर वाया जात नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या तिच्या चार-चार किलोमीटर लांब नळ्यांना जे निर्वात लागते, त्याची जबाबदारी याच प्लाझ्मा संस्थेकडे आहे. संमीलनासाठी शिकलेली विद्या मराठवाड्यात कामाला येते आहे.

उणीव आहे ती पदवीच्या पातळीवर. तिसऱ्या वर्षाला प्लाझ्मा हा शब्द एखाद्या प्रकरणात येतो आणि जातो, पंप उघडून पाहिलेला विद्यार्थी विरळाच. विद्याविहार, मुलुंड, अंधेरी, बोरिवली इथल्या विज्ञान महाविद्यालयांनी मिळून एक सामायिक निर्वात प्रयोगशाळा उभारावी. एक रोटरी पंप, एक टर्बो पंप, दोन-तीन दाबमापक आणि काचेची एक विद्युत-विसर्जन नळी एवढ्यावर सुरुवात होईल, आणि शिकवायला ट्रॉम्बेतून निवृत्त झालेली माणसे याच उपनगरांत राहतात. प्राचार्यांनी त्यांना येत्या सत्रातच बोलवावे.