जुन्या गाडीची गळती

जुनी वस्तु उगीच टाकूं नये, हा आपल्या घरांतील संस्कार आहे. वडिलांनीं घेतलेली मोटार मुलगा चालवितो आणि नातवाचीही तिच्यावर माया जडते. मारुती ८०० ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत असे. म्हणजे त्या कुळांतील शेंडेफळही आज दहा वर्षांहून मोठें आहे. अशा गाडीला वार्धक्यांत जे विकार होतात, त्यांपैकीं कूलंट गळणें हा दिसण्यांत क्षुल्लक, पण परिणामीं घातक होय.

इंजिनांत इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा थोडाच भाग चाकांच्या कामीं येतो. उरलेली बाहेर टाकावी लागते. पंप कूलंटला इंजिनाभोंवतीं फिरवितो आणि रेडिएटरांत तें वाऱ्यानें निवतें. कूलंट म्हणजे साधारणतः निम्में पाणी व निम्में इथिलीन ग्लायकॉल, शिवाय गंज रोखणारीं कांहीं द्रव्यें. साधें पाणी १०० अंशांवर उकळतें, हें मिश्रण सुमारें १०७ अंशांवर. आणि रेडिएटरचें झांकण आंत दाब राखतें, म्हणून प्रत्यक्षांत त्याहूनही बरेंच वर. झांकणाचें रबर झिजलें, कीं हा दाब टिकत नाहीं.

पुष्कळ घरीं कूलंट कमी झालें, कीं नळाचें पाणी ओततात व विषय संपवितात. परंतु निदानावांचून चिकित्सा नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. रात्रीं गाडीखालीं पुठ्ठा पसरावा व सकाळीं डाग कोठें पडला तें पाहावें. डाग रंगीत असल्यास कूलंट समजावें. एसीचें पाणी बिनरंगी असतें, त्याची चिंता नको. होज पाइपच्या टोंकाशीं पापुद्रा धरला असेल, तर पाइप वा क्लिप बदलावी. पंपाखालील छिद्रांतून थेंब येत असतील, तर पंपाचें सील गेलें. गाडींत गोडसर वास येऊन पायाखालचें मॅट ओलें होत असेल, तर दोष हीटरचा. आणि बाहेर थेंबही न पडतां कूलंट घटत असेल, सायलेन्सरांतून दाट पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ झालें असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा व गाडी चालवूं नये. पाइप स्वस्त असतो; पण तापून हेड वांकलें, तर गाडीच्या किमतीएवढा खर्च येऊं शकतो.

गळतीवर रेडिएटरांत हळद टाकण्याचा उपाय सर्वश्रुत आहे. घाटांत अडलेल्यास तो कदाचित् गॅरेजपर्यंत पोंचवील. परंतु जी हळद भोंक बुजविते, तीच रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजविते. तसेंच विहिरीचें वा नळाचें क्षारयुक्त पाणी नेहमीं वापरूं नये. डिस्टिल्ड वॉटर घ्यावें.

आतां दोन गोष्टी जिवाशीं गांठ असलेल्या. कांटा वर चढूं लागला, कीं गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें, आणि तें पूर्ण निवेपर्यंत झांकणास हात लावूं नये. दाब सुटतांच उकळता द्रव कारंज्यासारखा उसळून तोंड-हात भाजतात. दुसरी गोष्ट घरांतील स्त्रियांनींही ध्यानांत ठेवावी. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, परंतु विष आहे. तें मूत्रपिंडें निकामी करतें. अंगणांत सांडलेलें कूलंट मुलें वा कुत्रींमांजरें चाटूं शकतात. म्हणून तें लगेच पुसून जागा धुवावी, उरलेलें पिण्याच्या बाटलींत कधींही भरूं नये, आणि कोणाच्या पोटांत गेल्यास लक्षणांची वाट न पाहतां दवाखाना गांठावा.

मे महिन्यांत कुटुंब घेऊन कोंकणांत उतरण्यापूर्वीं, इंजिन थंड असतांना टाकीवरील दोन खुणांमध्यें कूलंट आहे ना, एवढें तरी पाहावें. म्हाताऱ्या माणसाप्रमाणें म्हातारी गाडीही आपलें दुखणें आधीं हळूच सांगते. तें ऐकणें हें घरच्यांचें काम.