सेकंदाला १.२ मीटर

चौकातल्या सिग्नलची वेळ ठरवताना पायी माणसाचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकांमध्ये हा आकडा आहे आणि ब्रिटनमधले अभियंतेही बरीच वर्षे तोच वापरत आले आहेत. रस्ता चौदा मीटर रुंद असेल तर भागाकार करून सुमारे बारा सेकंद येतात. त्यात पहिले पाऊल उचलण्यासाठी काही सेकंद मिळवले जातात, आणि तेवढा वेळ खांबावरचा हिरवा माणूस दिसत राहतो. दीड-दोन मिनिटांच्या चक्रातला बाकी सगळा वेळ गाड्यांचा असतो. लाल दिवा असताना सायकल पुढे काढणारा माणूस या बारा सेकंदांतून जातो, म्हणून त्याचा विचार दिव्याच्या रंगापेक्षा या सेकंदांपासून सुरू करणे योग्य.

पुण्यात टिळक चौक, डेक्कन किंवा स्वारगेट इथे संध्याकाळी सहानंतर हे बारा सेकंद नीट पाहता येतात. पिवळा दिवा लागला तरी दुचाकी येतच राहतात आणि त्यातल्या निम्म्या स्टॉप लाइन ओलांडून झेब्रा पट्ट्यांवरच थांबतात. मागे पीएमपीची बस उभी राहते, तिच्या शेजारी रिक्षा. फूटपाथच्या कडेला दहा-पंधरा माणसे जमलेली असतात. त्यांत शिकवणीला निघालेली मुले असतात, मंडईतून भाजीच्या पिशव्या घेऊन परतणारी जोडपी असतात, काठी टेकत निघालेले आजोबा असतात. गाड्या थांबल्याची खात्री पटली की माणसे खाली उतरतात. नेमक्या त्याच वेळी बस आणि फूटपाथ यांच्यामधल्या फटीतून सायकलचे पुढचे चाक बाहेर येते.

ही फट हाच या प्रश्नाचा गाभा आहे. भारतात वाहने डावीकडून चालतात आणि सायकल डाव्यातही अगदी कडेने चालते, कारण बाकीचा रस्ता तिला कोणी देत नाही. दुतर्फा वाहतुकीचा रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला सायकलची वाट दोनदा लागते: पहिले पाऊल टाकताना अलीकडच्या कडेला आणि शेवटची पावले टाकताना पलीकडच्या कडेला. पहिल्या पावलाला नजर अजून गाड्यांवर खिळलेली असते. शेवटच्या पावलांना माणूस निर्धास्त झालेला असतो, किंवा वेळ संपत आल्याने घाईत असतो. दोन्ही वेळा सायकल अशा बाजूने येते जिकडे कोणी पाहत नसते. शिवाय ती आवाज करत नाही. गर्दीच्या चौकात पायी माणूस डोळ्यांइतकाच कानांवर विसंबतो, आणि ज्याला दिसत नाही तो सर्वस्वी कानांवर. इंजिनांचा आवाज मंदावला म्हणजे रस्ता मोकळा झाला, असे त्याचे कान सांगतात.

ताशी वीस किलोमीटर हा सायकलचा साधा वेग आहे. म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. समोर माणूस दिसून बोटे ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो आणि त्यात सायकल साडेपाच मीटर पुढे सरकते. ब्रेक चांगले आणि रस्ता कोरडा असेल तर थांबायला आणखी चारेक मीटर लागतात. पावसाळ्यात रिमवर दाबणाऱ्या रबरी ब्रेकना आधी पाणी पुसावे लागते, मग ते पकडतात; तेव्हा हे अंतर बरेच वाढते. दहा मीटर अलीकडे सायकलस्वाराला बसच्या पुढ्यातला माणूस दिसत नाही, कारण मध्ये बस आहे. माणूस त्या एका सेकंदात १.२ मीटर चालतो, आणि बसच्या आडून सायकलच्या वाटेत यायला तेवढे अंतर पुरते.

म्हातारी माणसे तेवढेही चालत नाहीत. पासष्ट वर्षांवरील लोकांच्या चालण्याचा इंग्लंडमधला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर निघाला. चौदा मीटरचा रस्ता ०.८च्या वेगाने ओलांडायला साडेसतरा सेकंद लागतात. बारा सेकंद झाले तेव्हा आजी साडेनऊ मीटरवर असते. पुढचे साडेचार मीटर राहिलेले असतात आणि त्यांत पलीकडची कड असते, म्हणजे सायकलची वाट. दिवा बदलायच्या आधीच निघण्याची सायकलस्वाराची घाई आणि आजीची शेवटची पावले एकाच वेळी एकाच जागी येतात. सायकलचा धक्का बसून प्राण जाणे विरळा. पण सत्तरीत माणूस डांबरावर पडले की खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते, आणि खुबा मोडलेले माणूस अनेकदा पुन्हा पूर्वीसारखे चालत नाही. ‘नुसती सायकल तर लागली’ हे वाक्य अशा घरात कोणी बोलू नये.

सिग्नल तोडणारे सगळे सायकलस्वार एका जातीचे नाहीत. पहाटे हेल्मेट घालून निघणारे हौशी स्वार मोकळा चौक पाहून वेग न मोडता जातात. शाळकरी मुले घोळक्याने जातात. पहिला गेला की बाकीचे त्याच्यामागे. रात्रपाळीला निघालेला वॉचमन काळी, जड, दांड्यांच्या ब्रेकची सायकल चालवतो. थांबून पुन्हा त्याच वेगाला येण्याचे सगळे श्रम त्याच्या पायांचे असतात आणि कामाच्या ठिकाणापर्यंत असे आठ-दहा सिग्नल लागतात. शिवाय दिवा हिरवा होताच मागून शंभर दुचाकी सुटतात, हॉर्न सुरू होतात आणि डावीकडे वळणारी बस सायकलला कडेला दाबते. त्या लोंढ्याच्या चार सेकंद आधी चौक पार करणे त्याला सुरक्षित वाटते, आणि त्याच्यापुरते ते कधी कधी खरेही असते. हे कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण या हिशेबात त्याच्या अंगावरचा धोका चालणाऱ्याच्या अंगावर सरकतो, आणि चालणाऱ्याला तो पुढे कोणावर ढकलता येत नाही.

अलीकडे या रांगेत विजेच्या सायकलींवरून जेवण आणि किराणा पोचवणारी मुले आली आहेत. मोटारची शक्ती २५० वॉटच्या आत आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेले बॅटरीचे वाहन केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्याला परवाना लागत नाही, नंबरप्लेटही लागत नाही. दमण्याचे कारण इथे उरत नाही. उरते ती वेळेत पोचण्याची सक्ती, आणि ती त्या मुलाने स्वतःवर लादलेली नसते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि लाल दिवा ओलांडणे हे धोकादायक वाहनचालनात धरले गेले. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद आहे. सायकल मोटार वाहन नसल्याने ती या कलमाबाहेर राहते. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचे २८१वे कलम आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ते इंजिनाची अट घालत नाही. मात्र चौकातल्या वाहतूक पोलिसाच्या, म्हणजे ‘मामां’च्या, हातात असते ते ई-चलानचे यंत्र. त्यात नंबरप्लेटचा फोटो घ्यायचा असतो. सायकलला नंबर नाही, म्हणून उपाय एकच: धावत जाऊन कॅरिअर पकडणे. ते करायला गेले तर मागचा लोंढा सुटतो. म्हणून मामा शिट्टी वाजवतात, हात वर करतात, सायकलस्वार दुसरीकडे पाहतो आणि जातो. वाहतूक पोलिसांची उभी राहण्याची जागाही चौकाच्या तोंडाशी, गाड्या दिसतील अशी असते. झेब्रा पट्ट्यांच्या टोकाशी, पायी माणसांबरोबर, सहसा कोणी उभे नसते.

प्रमाणाचे भान सोडून चालणार नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. त्यांचे प्राण प्रामुख्याने मोटार वाहनांनी घेतले. सायकलस्वार मारणाऱ्यांपेक्षा मरणाऱ्यांतच अधिक आहेत. सायकलींवर सगळा राग काढून मोटारींना सोडणे हा अन्याय होईल. पण सायकलींमुळे होणाऱ्या थोड्या मृत्यूंच्या आड रोजची दहशत झाकली जाऊ नये. सिग्नल असूनही दोन्हीकडे माना वळवत, पाऊल टाकून मागे घेत रस्ता ओलांडावा लागणे हीच इजा आहे, आणि ती कुठल्याच नोंदवहीत येत नाही. अशा भीतीने म्हातारी माणसे संध्याकाळी बाहेर पडणे सोडतात.

हे फक्त पुण्यात घडते असेही नाही. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने २००७ मध्ये पाच चौकांतले साडेसात हजार सायकलस्वार मोजले, तेव्हा शंभरातले सोळा लाल दिव्यात गेले. मेलबर्नमधल्या २०११च्या अभ्यासात हे प्रमाण ६.९ टक्के होते आणि जाणाऱ्यांत डावीकडे वळणारे सर्वांत जास्त होते. तिथेही वाहने डावीकडून चालतात. आपल्याकडे ‘फ्री लेफ्ट’ची सवय एवढी रुजली आहे की डावे वळण घेताना झेब्रा पट्टे ओलांडले जातात हे कित्येकांच्या ध्यानातच येत नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२च्या कायद्यापासून सायकलला लाल दिव्यापाशी थांबून, पाहून, पुढे जाण्याची मुभा दिली. पॅरिसने २०१५ मध्ये अनेक चौकांत सायकलींसाठी वेगळ्या पाट्या लावल्या. ठरावीक दिशेने लाल दिव्यातही जाता येते, पण पादचाऱ्याला आधी वाट द्यावी लागते. वाट देण्याची सवय आधी असेल तर ही मुभा चालते. झेब्रा पट्ट्यांवरच गाड्या उभ्या राहणाऱ्या शहरात ती आज देणे म्हणजे पायी माणसाचे उरलेले सेकंदही काढून घेणे.

त्यापेक्षा जवळचा उपाय ब्रिटनमधल्या ऑक्सफर्डने १९८४ मध्ये केला. तिथे मोटारींच्या स्टॉप लाइनपुढे सायकलींना थांबायला वेगळी चौकट आखली गेली. पुढे काही शहरांत सायकलींना मोटारींच्या आधी काही सेकंद हिरवा दिवाही मिळाला. वॉचमनला ज्या चार सेकंदांसाठी नियम मोडावा लागतो ते त्याला नियमानेच मिळतात, आणि ते चालणाऱ्याच्या वेळेतून कापले जात नाहीत. पुणे महापालिकेकडे २०१६चे पादचारी धोरण आहे, २०१७चा सायकल आराखडा आहे. रस्त्यावर मात्र सायकल ट्रॅक पुष्कळदा चौकाच्या अलीकडेच संपतो, आणि सायकल जिथे सर्वांत असहाय असते तिथे तिला बस आणि फूटपाथ यांच्यामधल्या फटीत सोडतो.

महापालिकेने आणि वाहतूक शाखेने दोन कामे आधी करावीत: रुग्णालये, मंडई आणि देवळांजवळच्या चौकांत पादचाऱ्यांची वेळ १.२ ऐवजी ०.८ मीटरने मोजावी, आणि सायकलींची चौकट स्टॉप लाइनपुढे, पण झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे आखावी. तोवर सायकलस्वारांना विनंती एवढीच, की लाल दिव्याला थांबा. फारच घाई असेल तर खाली उतरा आणि सायकल हातात धरून, पायी माणसांबरोबर, त्यांच्या वेगाने पलीकडे जा.