पाणलोटाखालची खाण

माठ पाझरतो हा त्याचा धर्मच आहे. त्यामुळेंच पाणी गार राहतें. पण त्याच माठाला केसाएवढी चीर गेली तर गोष्ट निराळी. पहिल्या दिवशीं ती कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. चीर सांपडेपर्यंत अर्धें पाणी गेलेलें असतें. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत एका भूमिगत कोळसाखाणीच्या विस्तारावरून 2019 ते 2022 या काळांत जो वाद माजला, त्याच्या मुळाशीं अशीच एक चीर होती.

सिडनीच्या दक्षिणेस सुमारें 80 किलोमीटरांवर, समुद्र आणि उंच कडा यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टींत वुलनगाँग हें शहर वसलें आहे. कड्याच्या पोटांत कोळसा आणि पायथ्याशीं पोर्ट केंब्लाचा पोलादाचा कारखाना, अशी तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची मांडणी. जवळच्या माउंट केंब्ला खाणींत 31 जुलै 1902 रोजीं झालेल्या स्फोटानें 96 माणसांचा बळी घेतला. तेव्हां या मुलखांतील लोकांस कोळसा म्हणजे काय हें कोणी बाहेरून येऊन शिकवावयास नको. विरोध उभा राहिला तो अशा ठिकाणीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

खाणीचें नांव डेंड्रोबियम. हें एका जातीच्या ऑर्किड फुलांचें नांव आहे! येथें 2005 पासून कोळसा काढला जात आहे, आणि वरची जमीन म्हणजे कॉर्डो व अ‍ॅव्हन या जलाशयांचा पाणलोट. या दोन्ही धरणांचें बांधकाम अनुक्रमें 1926 आणि 1927 मध्यें पुरें झालें. अ‍ॅव्हनचें पाणी वुलनगाँगच्या घराघरांत जातें. हा पाणलोट सरकारनें इतका जपला आहे कीं सामान्य माणसास त्यांत पाऊल टाकण्याचीही बंदी; मोडल्यास 44 हजार डॉलरपर्यंत दंड. आपल्या घरांतील सोंवळ्याच्या हंड्यापेक्षांही हें सोंवळें कडक! आणि त्याच जमिनीखालीं यंत्रें रात्रंदिवस चालतात. ही विसंगति तेथील नागरिकांस बोंचली यांत नवल नाहीं.

या खाणकामाची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. आपल्याकडील जुन्या भूमिगत खाणींत कोळशाचेच जाड खांब मागें ठेवून वरचें छत तोलून धरीत. डेंड्रोबियमची रीत निराळी. तेथें सुमारें 300 मीटर रुंदीच्या पट्ट्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत यंत्र कोळसा तासत जातें. कामगारांच्या डोक्यावरचें छत पोलादी टेकूंनीं धरलेलें असतें, आणि हे टेकू यंत्राबरोबर पुढें सरकतात. मागें उरलेली पोकळी तशीच कोसळूं देतात. खालचा आधार गेला कीं वरचा खडक वांकतो, तडकतो; या भेगा कोठपर्यंत पोंचतात यावरच सारा वाद आहे.

डोंगरमाथ्यावर वालुकाश्माच्या उथळ खोलगटांत दलदली आहेत. दिसावयास अगदीं क्षुद्र. पण पावसाचें पाणी शोषून ठेवावें आणि कोरड्या दिवसांत तें ओढ्यांस हळूहळू सोडावें हें त्यांचें काम. काटकसरी गृहिणी साठवणीच्या डब्यांतून जसें बेतानें काढते, तसेंच. दलदलीच्या तळचा खडक तडकला कीं पाणी खालीं उतरतें, माती सुकते, आणि पुढें वणव्याचें भय. ओढ्याच्या पात्रांतील भेगा रसायनें भरून बुजविण्याचे प्रयोग त्या प्रांतांत झाले आहेत. सुकलेली दलदल मात्र पूर्ववत् करण्याचा खात्रीचा उपाय कोणासही दाखवितां आला नव्हता.

अशा स्थितींत खाणीची मालक साउथ 32 ही कंपनी 2048 पर्यंत आणखी 7 कोटी 80 लाख टन कोळसा काढण्याची परवानगी मागूं लागली. तिच्या बाजूसही थोडेंथोडकें वजन नव्हतें. हा कोळसा पोलाद करण्याचा. पोर्ट केंब्लाच्या भट्ट्यांस तो हवा, आणि त्यावर शेंकडों कुटुंबांची चूल पेटते. खाणींतल्या मजुराच्या बायकोनें उद्यांच्या पगाराची काळजी केली, तर तिला पाण्याची किंमत कळत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. सरकारच्या नियोजन खात्यानें परवानगी द्यावी अशीच शिफारस केली होती. उलट त्याच सरकारच्या पाणीपुरवठा संस्थेनें स्पष्ट विरोध नोंदविला. गळणाऱ्या पाण्याबद्दल पैसे भरण्यास कंपनी तयार होती. पण 2020 च्या आरंभीं, लांबलेल्या अवर्षणांत, सिडनीच्या धरणांतील सांठा निम्म्याच्याही खालीं गेल्याचें लोकांनीं नुकतेंच पाहिलें होतें. अशा वेळीं पैशाचें पाणी करतां येतें, पैशापासून पाणी करतां येत नाहीं!

डिसेंबर 2020 मध्यें स्वतंत्र नियोजन आयोगापुढें जाहीर सुनावणी झाली आणि 5 फेब्रुवारी 2021 रोजीं आयोगानें परवानगी नाकारली. पाण्याच्या सांठ्यास, दलदलींस आणि तेथील आदिवासींच्या प्राचीन वारशास पोंचणारी हानि भरून न येणारी ठरेल, असा त्याचा रोंख होता. आमच्या मतें तोच योग्य निवाडा.

पण नागरिकांस स्वस्थता लाभली नाहीं. कंपनी न्यायालयांत गेली, आणि डिसेंबर 2021 मध्यें सरकारनें या योजनेस प्रांताच्या विशेष महत्त्वाची ठरवून पुन्हां वाट मोकळी करून दिली. कंपनीनें आपला आराखडा बराच लहान केला; तरीही विरोध निवळला नाहीं. अखेर ऑगस्ट 2022 मध्यें कंपनीनेंच विस्तार सोडून दिला, आणि कारण सांगितलें तें गुंतवणुकीच्या मानानें मोबदला पुरेसा नाहीं हें. दलदलींचा उल्लेख त्या हिशेबांत नव्हता.

महाराष्ट्रांतही हा प्रश्न दूरचा राहिलेला नाहीं. नागपूरनजीक गोंडखैरी येथील नियोजित भूमिगत खाणीस 2023 च्या जुलैंतील जनसुनावणींत गांवकऱ्यांनीं विरोध केला. शेतीच्या विहिरींचें काय होणार, ही काळजी तेथेंही होतीच.

डेंड्रोबियमची जुनी खाण विस्तार रद्द झाल्यावरही चालूच राहिली, आणि 2024 मध्यें ती दुसऱ्या मालकांच्या हातीं गेली. पूर्वीं मिळालेल्या परवानगीच्या हद्दींत तडकलेले खडक जेथल्या तेथेंच आहेत.