पिझ्झा जमतो तो आदल्या रात्री

घरी पिझ्झा करायचा ठरला की बाजाराची यादी चीज, सिमला मिरची, मका अशी सुरू होते. माझ्या मते इथेच गणित चुकतं. पिझ्झा हा आधी पाव आहे. तो पाव जमला तर वर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढंच पुरतं. नेपल्सचा मरिनारा असाच असतो, त्यावर चीज नसतंच.

अस्सल पिझ्झाची रीत राखण्यासाठी 1984 मध्ये नेपल्समध्ये एक संघटना उभी राहिली. तिच्या नियमांप्रमाणे भिजवायला चारच जिन्नस लागतात: पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. दही नाही, साखर नाही. तिथल्या पिझ्झा-कारागिरांच्या कलेला 2017 मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. ही कला मुख्यतः पीठ आणि आच सांभाळण्याची आहे.

आपल्या घरी 500 ग्रॅम मैदा, 300 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ आणि पाव चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट घ्या. सगळं कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात मैदा पाणी पितो आणि ग्लुटेन आपोआप जुळायला लागतं, त्यामुळे नंतर पाचेक मिनिटं मळलं तरी भागतं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि चिकट वाटेल. भीतीने वर मैदा घालत बसू नका. तासभर बाहेर ठेवून डबा फ्रिजमध्ये सरकवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जा. थंडीत यीस्टचं काम मंदावतं, पण पिठातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करत राहतात. चव त्यातून येते आणि भाजताना कडांना येणारा तांबूस रंगही. जास्त यीस्ट घालून तासाभरात फुगवलेल्या पिठाला हे साधत नाही. त्याला यीस्टचाच वास मारतो.

दुसऱ्या दिवशी चार गोळे करून दोन तास बाहेर ठेवा. मग लाटणं लांबच ठेवा. बोटांच्या टोकांनी मधून कडेकडे दाबत जा आणि बोटभर कड मोकळी सोडा. आतली हवा सरकत त्या कडेत जाते. भाजताना तीच टम्म फुगते. लाटण्याखाली ती सगळी निघून जाते.

खरी अडचण आचेची. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत 430 ते 480 अंश सेल्सिअसला पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत होतो. घरचा ओव्हन 250 च्या आसपास थांबतो, त्यामुळे भाजायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात पिठातलं पाणी सुकत जातं आणि पाव खुटखुटीत होतो. यावर उपाय म्हणजे जाड लोखंडी तवा. प्लास्टिकची मूठ नसलेला तवा ओव्हनमध्ये पूर्ण आचेवर अर्धा-पाऊण तास तापू द्या आणि पिझ्झा थेट त्यावर सरकवा. लोखंडात साठलेली उष्णता तळाला एकदम मिळते. आठ-दहा मिनिटांत कड फुगून डाग पडतात.

सॉस शिजवूच नका. पिकलेले टोमॅटो किसून, मीठ लावून चाळणीत निथळत ठेवा. आपल्या टोमॅटोला पाणी फार सुटतं. ताजं मोझरेलाही असंच निथळून घ्या आणि हात आखडता ठेवून पसरा, नाहीतर मधला भाग ओलाकच्च राहतो. प्रत्येक पिझ्झ्यानंतर तवा पुन्हा पाच-सात मिनिटं तापवा, मगच पुढचा टाका.